नाचण्यांचे टूलबार

आमच्या ऑफिसात सगळ्यात मोठा स्क्रीन ड्राफ्ट्समन नाचण्यांचा होता आणि त्या स्क्रीनवर सगळ्यात लहान दिसणारं ड्रॉइंगही नाचण्यांचंच असायचं. मधली सगळी जागा बटणांनी खाल्लेली. डाव्या कडेला बटणांच्या उभ्या पट्ट्या, एकीला खेटून दुसरी, दुसरीला खेटून तिसरी. वर आडव्या पट्ट्या, खाली आडव्या पट्ट्या. या सगळ्यातून जी खिडकी उरायची तिच्यात नाचणे मान पुढे काढून व्हॉल्वचं ड्रॉइंग करत बसायचे. ओट्यावर इतके डबे मांडून ठेवायचे की पोळपाटाला जागा राहू नये, असा तो प्रकार.

"नाचणेसाहेब, थोडी बटणं काढा की," मी म्हणायचे.

"असू देत मॅडम. कधी लागली तर हाताशी पाहिजेत."

"हाताशी पाहिजे" हे नाचण्यांचं पालुपद. ड्रॉवर उघडावा लागणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. टेबलाच्या कडेला त्यांनी चिकटपट्टीने पेन, पट्टी, चष्म्याचं फडकं, नेलकटर आणि ॲसिडिटीच्या गोळ्या असं सगळं ओळीने लावून ठेवलं होतं. सॉफ्टवेअरमधला मेन्यू उघडून त्यातून काही शोधायचं म्हटलं, की साध्या दाखल्यासाठी सरकारी कचेरीत पाठवल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

आता आमचं ऑफिस सांगते. नवी मुंबईत, पावण्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा गाळा आहे. खाली शॉप, म्हणजे कारखाना, वर ड्रॉइंग सेक्शन. केमिकल कंपन्यांना लागणारे व्हॉल्व आम्ही बनवतो. मी सेक्शनची हेड, म्हणजे पगार बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त आणि ऐकून घ्यावी लागणारी बोलणी बरीच जास्त. शिवाय कॉम्प्युटरचं बघायला वेगळा माणूस ठेवणं आमच्या शेठना पटत नाही. त्यामुळे प्रिंटर अडला की मॅडम, व्हायरस आला की मॅडम, एसीतून पाणी गळून कीबोर्डवर पडलं की तरी मॅडमच. नाचणे माझ्या शेजारच्या टेबलावर. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, उंच, किडकिडीत, आणि शर्टाचं अगदी गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. बटणाच्या बाबतीत हा माणूस कुठेच काटकसर करत नसे.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला एखादं काम दोन प्रकारे सांगता येतं. एका हाताने कीबोर्डवर एकदोन अक्षरं दाबायची आणि दुसऱ्या हाताने माउस चालवायचा, हा पहिला प्रकार. जुनेजाणते सगळे असंच करतात, मीही. दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीनवरचं बटण. अशा बटणांची पट्टी म्हणजे टूलबार. आमचं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि त्यात एक सोय होती. कुणीही उठावं, आपल्याला हव्या त्या नावाचा टूलबार बनवावा, हवी ती बटणं त्यात ओढून टाकावीत आणि स्क्रीनच्या हव्या त्या कडेला नेऊन चिकटवावा. ही सोय ज्याने केली त्याने नाचण्यांना आधी पाहिलं असतं, तर ती केली नसती.

टूलबारला नाचणे 'पट्टी' म्हणत. सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या तयार पट्ट्या त्यांच्या मते बिनकामाच्या. "हे बनवणाऱ्यानं कधी ड्रॉइंग काढलंय का?" असं म्हणून त्यांनी त्या सगळ्या मोडीत काढल्या होत्या. बटणांवरची चित्रंसुद्धा त्यांना पसंत नव्हती. फाइल सेव्ह करायच्या बटणावर फ्लॉपीचं चित्र असतं. "फ्लॉपी कुणाच्या घरात आहे आता? आपण वस्तू साठवतो कशात? बरणीत." म्हणून सेव्हच्या बटणावर त्यांनी बरणी काढली. एकेक बारीक चौकोन रंगवून, झाकणासकट, आत थोडं लोणचं दिसेल अशी. रेघ छाटायच्या बटणावर नेलकटर. वस्तू सरकवायच्या बटणावर चप्पल. उलट प्रतिमा करायच्या बटणावर हातातला आरसा, दांडीचा. खोडायच्या बटणावर मात्र दाढीचं ब्लेड होतं आणि त्याचा अर्थ आमच्यात कुणालाच लागत नव्हता. विचारलं तर नाचणे म्हणायचे, "ज्याला कळायचं त्याला कळतं."

पट्ट्यांना नावंही असायची. एकीचं नाव 'सकाळ', एकीचं 'घाई'. एकीचं नाव चक्क 'शेठ'. आमच्या शेठना ड्रॉइंगमधलं फार कळत नाही, पण मत भरपूर असतं, आणि ते मत बहुतेक कंपनीच्या लोगोबद्दल असतं. 'शेठ' पट्टीत बटणं होती ती अशी. लोगो मोठा. लोगो अजून मोठा. लोगो लाल. आणि शेवटी, बारीक रेघ मारून जरा बाजूला ठेवलेलं, लोगो आधी होता तसा. शेठ मागे उभे राहून "नाचणे, जरा मोठा करो ना" म्हणाले, की नाचणे एकेक बटण दाबत जायचे. शेवटच्या बटणावर शेठ हमखास म्हणायचे, "हां, आता बघा, आता कसा शोभतोय!"

हे मी कौतुकाने सांगतेय असं वाटेल, पण तेव्हा मला नाचण्यांचा राग यायचा. मला स्क्रीन मोकळा लागतो. टेबल मोकळं लागतं. माझ्या करंजाड्याच्या घरात फ्रिजच्या दारावर एक चुंबक चिकटवलेला मला खपत नाही. आणि नाचण्यांना दुसऱ्याच्या स्क्रीनवर पट्ट्या लावायची खोड होती. एकदा मी जेवून परत आले तर माझ्या स्क्रीनवर 'कदम मॅडम' नावाची पट्टी तरंगत होती. मी ती बंद केली. दुसऱ्या दिवशी ती डाव्या कडेला चिकटलेली. मी ती काढून टाकली. तिसऱ्या दिवशी ती तिथेच होती, शिवाय हलू नये म्हणून कुलूप लावलेली.

"नाचणेसाहेब, मला पट्टी नको आहे."

"नाव तुमचं दिलं एवढंच. तुमच्यासाठी नाही हो, ट्राय करायला लावली होती. तुमच्या खुर्चीची उंची बरोबर आहे."

आणि वर हे, की ते माझ्या जागेवर बसून गेले, की माझा माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला गेलेला असायचा. मी सवयीने उजवीकडे हात टाकायचे आणि चहाचा कप पाडायचे.

त्याचं कारण नाचण्यांची दुसरी तऱ्हा. माणूस पक्का उजवा. सही उजव्या हाताने, जेवण उजव्या हाताने, डासही उजव्याच हाताने मारणार. पण नवीन पट्टी केली, की ती पारखायची मात्र डाव्या हाताने. माउस डावीकडे घ्यायचा, उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचा आणि डाव्या हाताने, जीभ किंचित बाहेर काढून, एकेक बटण दाबत अख्खं ड्रॉइंग काढायचं. कीबोर्डला हात लावायचा नाही. या खटाटोपात दहा मिनिटांच्या कामाला तास जायचा. आमचे शॉपचे सुपरवायझर म्हात्रे, इथल्याच गावातले, प्रिंट न्यायला वर आले की हे बघत उभे राहायचे.

"नाचनेसाहेब, हाताला काय झाला?"

"काही नाही. प्रॅक्टिस."

"कसली?"

"असलेली बरी. हाताशी."

म्हात्रे माझ्याकडे बघून कपाळावर बोट टेकवायचे. मीही मान डोलवायचे.

नाचण्यांच्या घरचं आम्हाला फारसं माहीत नव्हतं. ते सीवूड्सला राहायचे, मूलबाळ नव्हतं, आणि वहिनी घरून आमच्याच कंपनीचं थोडं काम करायच्या. आमच्याकडे जुनी, हाताने काढलेली ट्रेसिंग पेपरवरची ड्रॉइंग होती. ती कॉम्प्युटरवर नव्याने काढून द्यायचं काम शेठनी त्यांना दिलं होतं, आणि त्यासाठी घरी कंपनीचंच सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. काम असं यायचं की बघत राहावं. एक रेघ इकडची तिकडे नाही. वहिनींना मी कधी पाहिलं नव्हतं, ओळखत होते ती या ड्रॉइंगवरून आणि नाचण्यांच्या डब्यावरून. डब्यातल्या बटाट्याच्या फोडी सगळ्या एका मापाच्या असायच्या, कोपरे काटकोनात.

"वहिनींचा हात म्हणजे अगदी ड्राफ्ट्समनचा हां," मी एकदा म्हटलं.

नाचण्यांचा घास हातात राहिला. मग "हो, ते आहेच" म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, बायकोचं कौतुक केलेलं या माणसाला आवडत नाही.

असं सगळं चाललं होतं. आणि मग ते उलट्या व्हॉल्वचं झालं.

एका गिऱ्हाईकाची मोठी ऑर्डर होती. व्हॉल्वला बाजूने एक तोंड होतं, ते उजवीकडे हवं होतं. ड्रॉइंग नाचण्यांनी काढलं, तेही नव्या पट्टीवर, डाव्या हाताने. शेवटी त्यांना ते कागदाच्या मध्यावर सरकवायचं होतं, म्हणजे चप्पल दाबायची होती. चपलेच्या शेजारी आरसा. डावा हात चळला आणि आरसा दाबला गेला. मुळात सॉफ्टवेअर अशा वेळी दोन प्रश्न विचारतं, खात्री आहे का, जुनं ठेवू की पुसू, वगैरे. पण कीबोर्डला हात लावावा लागू नये म्हणून नाचण्यांनी बटणात त्या प्रश्नांची उत्तरं आधीच भरून ठेवली होती. दाबलं की काम. अख्खा व्हॉल्व आरशात पाहिल्यासारखा उलटला. आणि सॉफ्टवेअर असं शहाणं, की चित्र उलटलं तरी अक्षरं आणि आकडे सुलटेच ठेवतं. मापं सगळी बरोबर, अक्षरं सरळ. मी तपासलं, मलाही खटकलं नाही. शॉपमध्ये अख्खा लॉट तयार झाला.

म्हात्रे एक नग हातात घेऊनच वर आले.

"मॅडम, गिऱ्हाईकाचा पाईप या बाजूला हाय नि तोंड त्या बाजूला. पानी काय उडी मारून जानार?"

शेठ चिडले तेव्हा लोगोबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, त्यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळावं. नाचण्यांनी चूक कबूल केली. पण शेठ त्यांच्या स्क्रीनसमोर उभे राहिले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. "ये काय आहे? फराळाचं ताट?" मग माझ्याकडे वळले. "कदम मॅडम, नवीन व्हर्जन मागवा. सगळ्यांचा स्क्रीन सेम टु सेम. एक पण एक्स्ट्रा बटण नको. ऑफिसमधला पण आणि नाचणेच्या घरचा पण."

मी मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू. नाचण्यांनी मात्र असं काही केलं जे त्यांनी नोकरीत कधी केलं नसावं. ते शेठच्या केबिनमध्ये विनंती करायला गेले. काचेतून मला दिसत होतं. हात जोडलेले नव्हते, पण जोडल्यासारखेच होते. बाहेर आले ते थेट माझ्याकडे.

"मॅडम, ऑफिसचं सगळं काढा. माझी काही तक्रार नाही. घरचं तेवढं राहू द्या. जुनंच."

"नाचणेसाहेब, जुन्यात नव्या फाइली उघडणार नाहीत. मग वहिनींना काम कसं देणार?"

ते म्हणाले, "पट्ट्या नसल्या तर तिला काम करता येणार नाही."

"शिकतील हो. आठ दिवसांत सवय होते."

नाचण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला उगीचच अपराध्यासारखं वाटलं आणि त्याचा पुन्हा रागच आला. बटणांसाठी एवढं? पुढचे दिवस ते काही ना काही निमित्त काढत राहिले. आज घरी पाहुणे, उद्या लाईट नाही, परवा किल्ली हरवली. शेवटी शनिवारी शेठनीच मला सांगितलं, गाडी घेऊन जा आणि काम संपवून या. नाचणे बरोबर यायला निघाले, पण नव्याने केलेल्या लॉटची तपासणी करायला गिऱ्हाईकाचा माणूस आला होता. त्यांना शॉपमध्ये थांबावं लागलं. ते गाडीपर्यंत आले.

"माउस डावीकडे आहे. तो तिथेच असू द्या. खुर्ची हलवू नका. आणि तिला घाई नका करू, प्लीज."

मी "बरं" म्हटलं. हा माणूस घरीसुद्धा असाच, बिचारी ती वहिनी, असं मनात म्हणत मी सीवूड्सला पोचले.

घर तळमजल्यावर होतं. बेल वाजवायला गेले तर ती नेहमीच्या जागी नव्हती, डावीकडे, हाताच्या उंचीवर होती. दार उघडायला वेळ लागला. आतून "आले, आले" असा प्रसन्न आवाज आला आणि फरशीवर पाय घासत यावं तसा आवाज. दार उघडलं. वहिनी हसत उभ्या होत्या. उजवा हात पदराखाली होता, आणि तो पदराखाली का होता हे कळायला मला फार वेळ लागला नाही.

"या. कदम ना तुम्ही? हे सारखं सांगतात तुमच्याबद्दल. बसा. मला स्ट्रोक येऊन गेला ना, तेव्हापासून ही बाजू संपावर आहे."

मी बसले. मला ऑफिसमधली खुर्ची दिसत होती. मांडीखाली दाबून ठेवलेला तो हात, बाहेर आलेली जीभ, तासभर चाललेलं ते ड्रॉइंग, आणि मागे उभे राहून कपाळावर बोट टेकवणारे आम्ही. वहिनींनी पाणी दिलं ते मी घटाघटा प्यायले.

मग मला घर दिसू लागलं. सगळ्या कड्या डावीकडे. भिंतीला धरायला दांडी, डावीकडे. स्वयंपाकघरात बरण्या ओट्याच्या डाव्या बाजूला, झाकणं सैल ठेवलेली. चिरायच्या फळीवर खालून खिळे ठोकून टोकं वर काढलेली. बटाटा त्यावर खोचला की एका हाताने चिरता यावा.

"फळी करून दिली, पण चिरायला कुठे देतात? स्वयंपाक तेच करतात," वहिनी म्हणाल्या. "पहाटे उठून पट्टीने मोजल्यासारखे बटाटे चिरतात. भाजी गार होते पण फोड चुकत नाही."

त्यांचा कॉम्प्युटर खिडकीजवळ होता. माउस डावीकडे. मी मनाची तयारी करून स्क्रीनकडे पाहिलं. भिंतभर बटणं असणार, ती मीच काढणार.

स्क्रीन मोकळा होता. एकसुद्धा बटण नव्हतं. माझ्या स्क्रीनपेक्षाही स्वच्छ, नुसतं ड्रॉइंग.

"पट्ट्या कुठे गेल्या?"

वहिनी शाळेतल्या मुलीसारख्या लाजल्या. "झाकून ठेवते. एक की आहे बघा, ती दाबली की सगळ्या गायब. संध्याकाळी फाटकाचा आवाज आला की परत आणते. आता काम कसं होतं ते बघा ना." असं म्हणून त्यांनी डाव्या हाताने दोन अक्षरं दाबली, हात माउसवर नेला, रेघ छाटली, परत कीबोर्डवर आणला, परत माउसवर. हात नुसता फिरत होता. माझे दोन हात आहेत, पण मला तो वेग जमला नसता.

"म्हणजे तुम्हाला बटणं लागतच नाहीत?"

"सुरुवातीला लागायची. खरंच लागायची. त्या बटणांवरच मी परत काम शिकले. मी ट्रेसर होते ना आधी, ट्रेसिंग पेपरवर ड्रॉइंग शाईने काढायचे. शाईची रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची. खोडायच्या बटणावर ब्लेड काढा म्हटलं यांना, तर लगेच काढलं. मग हळूहळू बोटांना अक्षरांची सवय झाली. आता एवढ्या बटणांतून बटण शोधायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. रेघ बघायला जागाच राहत नाही!"

"मग सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगू?" वहिनींनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "मी आजारी पडले त्यानंतर आमच्यातलं बोलणंच संपलं होतं. डॉक्टर झाले, तेलं झाली, मालिश झालं. हे समोर बसायचे आणि नुसते या हाताकडे बघायचे. माणूस खचला होता हो. मग एके दिवशी ही पहिली पट्टी करून आणली. तेव्हापासून रोज घरी आले की पाय धुवायच्या आधी विचारतात, आज कुठलं बटण वापरलंस? मी एखादं सांगते. मग त्यात काय सुधारायचं, चित्र दिसतं का, जवळ घेऊ का, असं आम्ही जेवेपर्यंत बोलतो. या हाताचं यांना काहीच करता आलं नाही. बटणं तेवढी करता आली. ती मी कशी नको म्हणू?"

मी कामाला लागले, नवीन व्हर्जन घातलं. स्क्रीन उघडला, चकचकीत आणि रिकामा. वहिनींनी सवयीने ती की दाबली. काहीच आलं नाही. परत दाबली.

"म्हणजे आता परत नाही येणार?"

"नाही. जुन्या पट्ट्या यात चालत नाहीत. आणि शेठचा हुकूम आहे, सगळ्यांचा स्क्रीन सेम."

"माझं अडणार नाही," वहिनी हळू म्हणाल्या. "पण संध्याकाळी हे काय करतील?"

मी मोकळ्या स्क्रीनची एवढी भोक्ती, पण त्या स्क्रीनकडे मला बघवेना. मी खुर्ची पुढे ओढली आणि शोधायला बसले. मेन्यू, मेन्यूतला मेन्यू, त्यातली सेटिंग, सेटिंगमधली प्रगत सेटिंग. वहिनी मागे उभ्या राहून "तिकडे बघितलंस का गं?" करत होत्या, 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आम्हा दोघींना कळलं नाही. टूलबार बनवायची सोय नव्या व्हर्जनमध्येही होती, फक्त अशी लपवून ठेवली होती, की नाचण्यांसारख्यांच्या हाती लागू नये. ती मला सापडली. एक रिकामी, बिनबटणांची पट्टी स्क्रीनच्या डाव्या कडेला आली.

तेवढ्यात फाटक वाजलं. तपासणी लवकर संपली असावी.

नाचणे आत आले. माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. गळ्याजवळचं बटण त्यांनी काढलं. तेवढं एकच बटण मी त्यांना काढताना पाहिलं आहे.

"झालं का इन्स्टॉल?" त्यांनी विचारलं. मग वहिनींच्या खुर्चीजवळ जाऊन, मी तिथे नसल्यासारख्या आवाजात, "अडलं का गं कुठे?"

वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ज्या बाईने माझ्या डोळ्यांदेखत रेघा सपासप छाटल्या होत्या, ती म्हणाली, "हो ना. छाटायचं कुठे गेलं तेच सापडेना. मघापासून बसलेय नुसती."

नाचण्यांचा चेहरा उजळला. लपवायचा प्रयत्न केला त्यांनी, पण उजळला.

"नाचणेसाहेब," मी म्हटलं, "यात पट्टी करता येतेय असं दिसतंय. रिकामी आलीय, बघा. पुढचं मला काही जमत नाही."

"पण शेठ?"

"शेठचा हुकूम मी पावण्यापुरता धरते. सीवूड्सला कोण बघायला येतंय?"

नाचण्यांनी पाय धुतले नाहीत की पाणी मागितलं नाही. स्टूल ओढून बसले. उजवा हात मांडीखाली सरकवला. डावा हात माउसवर ठेवला. वहिनी त्यांच्या खांद्याला टेकून उभ्या राहिल्या.

"पहिलं कुठलं करू?" त्यांनी विचारलं. "फार नकोत ना? शेठ म्हणतात तसं, उगाच गर्दी होते. जी लागतात तेवढीच करतो."

वहिनी म्हणाल्या, "सगळीच लागतात."